नऊ डब्यांचा माणूस

संपादकांचा फोन आला, रेल्वेतले थरारक अनुभव लिहून पाठवा म्हणून. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की हार्बर मार्गावर लोकल चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण माझ्या नावावर एकही थरार नाही. मी कुणाचा जीव वाचवला नाही, जळती गाडी बाहेर काढली नाही, रुळावर सिंहसुद्धा आला नाही, म्हशी तेवढ्या आल्या. जे काही घडलं ते तीन डब्यांच्या लांबीत घडलं. ते म्हणाले, चालेल, तेच लिहा. अंकाची पानं भरायची राहिली असावीत.

मोटरमन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे, कारण नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत मला सगळ्यांनी ते विचारून झालंय. पहिला प्रश्न, गाडी वळवता कशी? वळवत नाही. रूळ वळतात, गाडी त्यांच्यामागून जाते. लोकलला स्टीअरिंग नसतं हे कळल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आदर निम्मा उतरतो. दुसरा प्रश्न, मग तुम्ही करता काय? याचं खरं उत्तर असं की मी थांबतो. गाडी सुरू करायला विशेष अक्कल लागत नाही. एका हँडलचे टप्पे असतात, ते एकेक पुढे सरकवले की ती निघते. थांबवणं हे काम. इतकं मोठं धूड वेगात आलेलं असतं, आणि त्याचं नाक फलाटावरच्या एका बोर्डापाशी आणून ठेवायचं, तेही उभ्या माणसाच्या हातातला चहा न सांडता. ब्रेक लावायचा, किंचित सोडायचा, परत लावायचा, शेवटी अलगद सोडायचा. हे मला छान जमायचं. या एका गोष्टीचा मला गर्व होता आणि पुढे जे झालं ते त्या गर्वामुळेच झालं असं आमच्या सौ.चं मत आहे.

सुमनचं, म्हणजे सौ.चं, माझ्या चालवण्याबद्दल पहिल्यापासून वाईट मत. त्याला कारण माझी स्कूटर. स्टीअरिंगची सवय नसल्यामुळे असेल, पण वळण आलं की मी गोंधळतो. लग्नानंतर हौसेनं तिला कर्नाळ्याला पक्षी दाखवायला नेलं, तर अभयारण्याच्या फाटकाशी न वळता सरळ पुढे पार पेणच्या रस्त्यावर निघालो आणि एका शेताच्या बांधावर जाऊन थांबलो. पक्षी एकही दिसला नाही. त्या दिवसापासून तिनं ठरवून टाकलं की या माणसाच्या हातातल्या कुठल्याही वाहनात बसायचं नाही. माहेरी जायची ती एस.टी.नं, नाहीतर मी ज्या गाडीवर नसेन ती लोकल बघून. आधी मला विचारायची, आज तुम्ही कुठल्या गाडीवर, आणि मग तिच्या पुढची पकडायची. मी फार मनाला लावून घेतलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या निवृत्तीच्या दिवशी बसेन. शेवटची गाडी तुमच्या हातची असेल तर."

आमच्याकडे ती पद्धत आहे. मोटरमनची शेवटची फेरी म्हणजे घरचं कार्य असतं. गाडीच्या नाकाला झेंडूच्या माळा, घरची मंडळी पाठच्या डब्यात, आणि फेरी संपते त्या फलाटावर हार, पेढे, कुणी हौशी असेल तर बँजो पार्टीसुद्धा. नोकरीत जो कधी आपल्याशी धड बोलला नाही तोही त्या दिवशी गळ्यात पडतो. मी कितीतरी जणांच्या अशा फेऱ्यांना पेढे खाल्ले होते आणि माझी वाट बघत होतो.

आता गाड्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हार्बर मार्ग म्हणजे घरातला धाकटा मुलगा. थोरल्याला नवा सदरा आला की त्याचा जुना धाकट्याला. मेन लाइनवर पांढऱ्या-जांभळ्या नव्या गाड्या आल्या तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या गाड्या आमच्या अंगावर घातल्या गेल्या. वरच्या तारेत तेव्हा जुन्या जातीची वीज होती, डीसी, आणि या गाड्या तेवढीच खात. नऊ डब्यांची गाडी. केबिनमध्ये उन्हाळ्यात पापड भाजून निघावा असा पत्रा. हँडल असं, की ते सतत दाबून धरावं लागे. मोटरमनला भोवळ आली, हात सुटला, की गाडी आपोआप थांबावी म्हणून ती व्यवस्था. व्यवस्था उत्तम, पण इतकी वर्षं मूठ आवळून माझा हात तसाच राहिला. घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा मी दाबून धरतो आणि चॅनेल धावत सुटतात.

पण थांबायला त्या गाड्या गुणी होत्या. खडखडत, कुरकुरत, ब्रेकच्या जळक्या वासासकट थांबायच्या, आणि प्रत्येक स्टेशनला माझी खूण ठरलेली होती. इथे पाण्याचा नळ आला की पहिला ब्रेक, तिथे जांभळाचं झाड मागे पडलं की दुसरा. पनवेलला पादचारी पुलाची सावली. डोकं वापरायची गरजच उरली नव्हती आणि मला तशी ती फारशी आवडतही नाही.

मग वरच्या तारेतली वीज बदलली. नव्या जातीची एसी वीज आली, तिच्यावर चालणाऱ्या नव्या गाड्या आल्या, आणि जुन्या निघाल्या. नवी गाडी थांबताना आवाजच करीत नाही. तिच्या मोटारीच ब्रेकचं काम करतात आणि वर तयार झालेली वीज तारेत परत देतात. समोर पडदा असतो, त्यावर ती आपली दुखणी स्वतःच लिहून दाखवते. प्रशिक्षणात शिकवणाऱ्यानं विचारलं, काही शंका? मी विचारलं, हिच्यापुढे मला काय काम? त्यानं ती शंका म्हणून धरली नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. गाड्या नऊच्या बारा डब्यांच्या होऊ लागल्या, पण एकदम नव्हे. काही महिने सरमिसळ होती. एक फेरी नऊची, पुढची बाराची. फलाटावर दोन बोर्ड, एकावर नऊ, त्याच्या तीन डबे पुढे दुसऱ्यावर बारा. गाडी जेवढ्या डब्यांची, तिचं नाक त्या बोर्डापाशी थांबायला हवं. आणि मोटरमनला मागचं काही दिसत नाही. केबिनमध्ये बसलं की नऊ काय आणि बारा काय, समोर तेच रूळ. म्हणजे आपल्या पाठीमागे किती डबे आहेत हे ध्यानात ठेवणं हेच मोठं काम होऊन बसलं.

प्रत्येकानं आपापली युक्ती काढली. एक जण बारा डब्यांना घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचा. एकानं हँडलला रुमाल बांधायची रीत ठेवली होती. माझी युक्ती डब्याची, म्हणजे जेवणाच्या. नऊची गाडी असेल तर जेवणाचा डबा डाव्या हाताला, बाराची असेल तर उजव्या. फलाट आला की एकदा डब्याकडे बघायचं. सुमनच्या भाजीचा वास उजवीकडून आला की बारा. युक्ती बिनचूक होती. लॉबीत, म्हणजे आम्ही हजेरी लावतो त्या खोलीत, मी ती दोघातिघांना शिकवलीसुद्धा.

आणि मग संकष्टी आली.

संकष्टीला माझा उपास असतो. गाडीवर विघ्न येऊ नये म्हणून नोकरीला लागल्यापासून धरलेला. उपास म्हणजे डबा नाही. सकाळची गाडी, बारा डब्यांची, गार्ड मुकादम. इक्बाल मुकादम जुन्या पनवेलचा, कोकणी मुसलमान, आम्ही दोघं इतकी वर्षं एकाच गाडीच्या दोन टोकांना बसून संसार केल्यासारखे राहिलो होतो. पनवेलचा फलाट आला. पुलाची सावली आली. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डबा कुठेच नव्हता, आणि हाताला जे पाठ होतं ते हातानं केलं. नऊच्या बोर्डाला नाक लावून, चहा न सांडता, असा सुरेख थांबलो की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मी पिशवी उचलून उतरायच्या तयारीत होतो तेवढ्यात मुकादमचा आवाज आला. नव्या गाडीत गार्ड आणि मोटरमन एकमेकांशी बोलू शकतात, ही सोय मला त्या दिवशी प्रथमच नकोशी झाली.

"पेडणेकर, मागचे तीन डबे फलाटाबाहेर आहेत. आणि हिरुबायची टोपली खडीत पडलीय. मी लोकांना आत थांबवलंय. अल्लाचं नाव घे आणि हळू पुढं घे."

मी गणपतीचं घेतलं आणि गाडी पुढे घेतली.

हिरुबाय ही मासळीवाली. मुंबईच्या धक्क्यावरून मासळी घेऊन सकाळच्या गाडीनं यायची, शेवटच्या लगेजच्या डब्यात बसायची आणि पनवेलच्या बाजारात विकायची. तिची उतरायची रीत ठरलेली. गाडी थांबता थांबता ती टोपली दाराबाहेर फलाटावर सारायची आणि मागोमाग पाय टाकायची. त्या दिवशी टोपली सारली तिथे फलाटच नव्हता. पाय टाकला असता तर तीही गेली असती. तिच्या पाठीमागच्या बाईनं तिचा पदर धरला म्हणून वाचली. बोंबील, मांदेली, सगळं खडीवर. गाडी पुढे गेल्यावर ती रुळाकाठानं चालत मागे गेली आणि जे काही कावळ्यांनी ठेवलं होतं ते गोळा केलं.

कामावरून सुटल्यावर ती मला पुलाखाली भेटली. मोटरमन कोण हे तिला मुकादमनंच सांगितलं होतं. मी नाव सांगितलं नाही, फक्त मिशी सांगितली, असं त्याचं म्हणणं. मी भरपाईचं काहीतरी बोलायला लागलो. तिनं ते ऐकूनच घेतलं नाही. आरडाओरडा करील म्हणून मी चार पावलं दूर उभा होतो, पण ती हळू आवाजात बोलली, आणि तेच मला जड गेलं.

"दादा, आमी कवा खाली बगून उतरलो नाय. गारी थांबली म्हंजे खाली फलाट हाय, येवरंच आमाला ठावं."

 

वरिष्ठांपुढे जे व्हायचं ते झालं, मेमो मिळाला. लोको इन्स्पेक्टर कुलकर्णी हे वयानं माझ्या पुतण्याएवढे, पण वागायला सभ्य. गाडी माझ्याकडून काढून घेतली आणि मला समोर बसवून विचारलं, चूक कशी झाली? मी म्हटलं, संकष्टी होती. ते लिहिता लिहिता थांबले. मी त्यांना डब्याची सगळी युक्ती समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागदावर काहीतरी दुसरंच लिहिलं, आणि म्हणाले की निवृत्तीला फारसे दिवस राहिले नाहीत, तर उरलेले लॉबीत काढता का? हजेरी बघायची, मोटरमन दारू पिऊन आलेत का ते यंत्रात फुंकर मारायला लावून तपासायचं. वर पंखा आहे.

पंख्याचा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू? पण लॉबीतून निवृत्त होणं म्हणजे नवरदेवानं मांडवात चपला सांभाळत बसणं. शेवटची फेरी नाही, माळा नाहीत. सुमन माझ्या गाडीत कधीच बसणार नाही, आणि तिचं मत बरोबर होतं हे सरकारी शिक्क्यासह सिद्ध होणार. मी कुलकर्णींना म्हटलं, मला गाडी परत द्या. ते म्हणाले, माझ्यासमोर चालवून दाखवा.

मग काही दिवस ते माझ्या पाठीशी उभे राहून फेऱ्या करत होते. पाठीमागे इन्स्पेक्टर उभा असला की नऊ-बारा विसरायची बिशाद नसते. त्या फेऱ्या उत्तम झाल्या. गाडी परत मिळाली. एव्हाना सगळ्याच गाड्या बाराच्या झाल्या होत्या, म्हणजे लक्षात ठेवायला काही उरलंच नव्हतं. फक्त हाताला नऊच पाठ होते. पनवेलला पुलाची सावली आली की हात ब्रेककडे जायचा आणि मी त्याला दटावायचो. उपास मी सोडला. सुमनला सांगितलं, डॉक्टर नको म्हणाले.

हे सगळं मी विसरलोही असतो, पण मुकादम मला विसरू देईना. तो शेवटच्या डब्याशी असायचा, त्याला सगळं दिसायचं. एक दिवस सहज बोलून गेला की हिरुबाय आता गाडी पूर्ण थांबली तरी लगेच उतरत नाही. आधी दारातून वाकते, खाली बघते, मग टोपली ठेवते, मग पाय टाकते. तिच्यामागच्या बायका कुरकुरतात, तरी ती बघते. मी विचारलं, रोज? तो म्हणाला, रोज. त्यानंतर मी त्याला दर फेरीला विचारू लागलो आणि तो दर फेरीला सांगायचा, आजही बघितलं. मेमो मिळाला तेव्हा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. मेमो फाइलीत जातो, हे बाहेर होतं, रोज सकाळी, माझ्याच गाडीच्या शेपटाला.

शेवटचा दिवस आला. सकाळचीच गाडी, मुकादमच गार्ड. त्यानं कुणाशी तरी ड्यूटी बदलून घेतली होती, हे मला नंतर कळलं. नाकाला झेंडू. सुमन नवी साडी नेसून पाठच्या डब्यात बसली, बसताना डब्याच्या दांडीला तिनं अशी घट्ट मिठी मारली की चार बायकांनी विचारलं, पहिल्यांदाच का लोकलमध्ये? खारघर मागे पडलं आणि मी सवयीनं उजवीकडे बघितलं. जेवणाचा डबा नव्हता. दुपारी घरी जेवणावळ, म्हणून तिनं दिलाच नव्हता. डबा देणारी डब्यात बसली होती आणि तिच्याशी बोलायची सोय नव्हती. केबिनमध्ये कुणी नाही हे बघून मी मोठ्यानं म्हणायला लागलो, बारा, बारा, बारा. पनवेलपर्यंत तो जप चालू होता. माणसं निवृत्त होताना काय काय आठवतात. मी एक आकडा आठवत होतो.

फलाट आला, आणि नऊच्या बोर्डाखाली सगळे उभे.

लॉबीतले मित्र, पेढ्यांचे बॉक्स, बँजो पार्टी, माझ्या नावाचा कापडी फलक, सोसायटीचे अध्यक्ष आणि माझा मेहुणा व्हिडिओ घेत. मित्रांनी आपसात ठरवलं होतं की पेडणेकर कितीही शिकला तरी शेवटच्या दिवशी नऊलाच थांबणार, म्हणून सत्कार तिथेच मांडला होता. अर्धी चेष्टा होती, अर्धा विश्वास. मला बघताच बँजो वाजायला लागला आणि सगळे हात हलवून म्हणू लागले, इथे, इथे. पुलाची सावली काचेवर आली. हात ब्रेककडे गेला. इतक्या वर्षांचा हात, इतकी माणसं, हार तयार, आणि सगळे एकाच जागी बोलावतायत. त्या क्षणी मला ती टोपली आठवली.

मी पुढे गेलो. हार पुढे धरून उभे असलेले कुलकर्णी खिडकीतून मागे सरकले, त्यांचं तोंड उघडंच होतं. बँजोवाल्यांचं वाजवणं मध्येच तुटलं. ब्रेक लावला, किंचित सोडला, परत लावला, आणि बाराच्या बोर्डाला नाक लावून गाडी उभी केली. चहा नक्की सांडला नसेल. आणि मग तीन डब्यांचं अंतर सगळा सत्कार धापा टाकत धावत आला. मेहुण्याच्या व्हिडिओत नुसत्या चपला आल्या आहेत. सुमन खाली उतरली, त्या धावत्या वरातीकडे बघितलं आणि मला म्हणाली, "या लोकांना तुम्ही बोलावलंच नव्हतं का?" पण तिनं माझा हात धरला होता आणि सोडला नाही. गाडीबद्दल मग एवढंच म्हणाली की थांबलेली कळलीच नाही.

हार घातले, पेढे वाटले, कुलकर्णींनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली. ते दोनाचे बरेच झाले. गर्दीच्या पलीकडून मुकादम येताना दिसला, आणि त्याच्या पुढे डोक्यावर टोपली घेऊन हिरुबाय. शेवटच्या डब्यापासून नाकापर्यंत, अख्खी गाडी चालत आली होती. बाजाराचं दार मागच्या बाजूला, तिला इकडे यायचं काही कारण नव्हतं. तिनं हाराकडे बघितलं नाही, पेढा घेतला नाही. टोपली सावरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"आज खाली बगितलं नाय, दादा."

आणि वळून आली तशी निघून गेली. कुलकर्णी पुढे काय बोलले ते मला आठवत नाही.